बार उघडले, मग देवळांना कुलूप का?

आळंदीचा_टाळकरी:
आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी. २०२० च्या आषाढीला मी दारातच टाळ घेऊन बसलो. माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. कोरोनाची साथच तशी होती, मान्य केलं. पण ५ ऑक्टोबरला हॉटेलं-बार उघडले आणि देवळांची कुलपं निघाली १६ नोव्हेंबरला, पाडव्याला. साथीत गरजेचं काय हे ठरवताना श्रद्धेचा नंबर शेवटी का? बाहेरच्या देशांत काय झालं?

जर्सीवाला:
काका, न्यूयॉर्कमध्ये लाल पट्ट्यातल्या, म्हणजे सर्वाधिक संसर्गाच्या भागातल्या, प्रार्थनास्थळांना फक्त १० माणसांची परवानगी होती, शेजारच्या 'अत्यावश्यक' दुकानांना मात्र आकड्याची मर्यादाच नव्हती. २५ नोव्हेंबर २०२० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट ५ विरुद्ध ४ मतांनी रोखली. मे महिन्यात कॅलिफोर्नियाच्या एका चर्चची अशीच मागणी त्याच न्यायालयाने ५-४ नेच फेटाळली होती. मधल्या काळात न्यायाधीश गिन्सबर्ग यांच्या जागी बॅरेट आल्या होत्या, म्हणून पारडं फिरलं.

वॉर्डातली_सिस्टर:
काका, राग समजतो. पण बारमध्ये वीस-तीस माणसं, पंढरपुरात लाखो. ऑक्सिजनला तडफडणारी माणसं मी पाहिली आहेत.

आळंदीचा_टाळकरी:
ताई, लाखोंची वारी मी मागितलीच नव्हती. पुरीचा रथ २३ जूनला भक्तांच्या गर्दीविना ओढला गेलाच ना? आमच्या गल्लीतल्या मारुतीला पाच माणसं, अंतर ठेवून, एवढंच हवं होतं. माझी आई त्या सात-आठ महिन्यांत रोज बंद दारालाच हात जोडून परत यायची.