सात दिवस पुरतात, पण कुणाला?

जंतूवेध: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘बॅलन्स चाचणीनंतर रक्तात जंतू सापडलेल्या प्रत्येक पेशंटला सातच दिवस अँटिबायोटिक.’ हे ‘प्रत्येक’ आणलं कुठून? सात दिवस औषध की चौदा, हे ताडून पाहणाऱ्या २०२४च्या त्या चाचणीत स्टॅफ ऑरियस या जंतूचे पेशंट घेतलेच नव्हते, हृदयात कृत्रिम झडपवालेही नव्हते. स्टॅफमध्ये कमीत कमी चौदा दिवस, तेही कल्चर (रक्तातले जंतू वाढवून शोधायची तपासणी) निगेटिव्ह आलेल्या दिवसापासून मोजायचे. शिवाय इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवाच. झडपेवर जंतू बसले असताना सातव्या दिवशी औषध थांबवलं, तर पेशंट मेंदूत गुठळी जाऊन परत येऊ शकतो.

राउंडवाला: पोस्ट माझी. ‘स्टॅफ सोडून’ लिहायला हवं होतं, मान्य. बाकी एक शब्द मागे घेणार नाही. ३६०८ पेशंट, निम्म्याहून जास्त आयसीयूतले. ९० दिवसांतले मृत्यू सात दिवसवाल्यांत १४.५ टक्के, चौदावाल्यांत १६.१. लघवीतून रक्तात ई. कोलाय जंतू गेलेला पेशंट सातव्या दिवशी ताप उतरून शांत आहे, तरी मेरोपेनेम हे जबर अँटिबायोटिक चालूच. का?

आकडेमोड: सात दिवसांच्या गटातल्या सुमारे २३ टक्के लोकांना औषध जास्त दिवस मिळालं. दोन गट असे एकमेकांत मिसळले की ‘फरक नाही’ हा निकाल सोपा होतो.

राउंडवाला: पर-प्रोटोकॉल विश्लेषणातही (ठरल्याप्रमाणे औषध मिळालेल्यांचाच हिशेब) निकाल तोच आहे. वाचलंत का?

आकडेमोड: वाचलंय. औषध वाढवतात ते बहुधा तब्येत बिघडलेल्यांचं. तेच वगळले की मागे उरतात बरे होणारे. चाचणी खोटी म्हणत नाही, जपून वापरा म्हणतोय.

कल्चरबाटली: दिवस कसले मोजताय! कल्चरच्या एका बाटलीत कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ (ऑरियस नव्हे, त्याचा सौम्य भाऊबंद) आला की व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू. तो जंतू बहुतेकदा कातडीवरचा असतो. चाचणीने असे पेशंट गाळले होते, वॉर्डात कोण गाळतं? दोन वेगवेगळ्या शिरांतून दोन सेट घ्या. कातडीवर क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक तीस सेकंद घासा, पूर्ण सुकू द्या आणि नंतर शिरेला पुन्हा बोट लावू नका. बाटलीचं रबरही स्पिरिटने पुसा, प्लास्टिकचं झाकण होतं म्हणून ते निर्जंतुक नसतं.

सिस्टर_रात्रपाळी: सगळं खापर सुई टोचणाऱ्यावर! कल्चरची ऑर्डर पहिला डोस गेल्यावर येते, त्याचं काय? मग निगेटिव्ह आलं की ‘नीट घेतलं नाही’.

कल्चरबाटली: डोसची चूक डॉक्टरांची, कबूल. पण तीन मिलीच्या बाटल्या लॅबला येतात त्या कुणाच्या? मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिली लागतं. रक्तात जंतू मिलीला एखाद-दुसराच असतो, कमी रक्तात तो सापडतच नाही.

सिस्टर_रात्रपाळी: शीर सापडत नाही तेव्हा दहा मिली येणार कुठून? रक्त कमीच असेल तर आधी एरोबिक, म्हणजे हवा असलेली बाटली, भरतो. बटरफ्लाय (नळीवाली सुई) असली तरी तीच आधी, कारण नळीतली हवा अॅनेरोबिकमध्ये, म्हणजे बिनहवेच्या बाटलीत, जाता कामा नये. हे आम्हाला शिकवू नका. शिरेत आधीच बसवलेल्या जुन्या कॅन्युलातून (सलाइनच्या नळीतून) रक्त ओढायला सांगतात त्यांना शिकवा.

कल्चरबाटली: कॅन्युलाचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. त्यावर वाद नाही.

राउंडवाला: पोस्ट बदलली: ‘स्टॅफ ऑरियस, झडप, न काढलेला पू सोडून.’ चौदाचा आग्रह असेल त्याने फाइलीत कारण लिहावं.

जंतूवेध: लिहू. सातवाल्यांनीही सातव्या दिवशी पेशंट तपासल्याचं लिहावं.