मदत हवी आहे: एनार्सी (सिस्कोची रूटिंगची परीक्षा) पुन्हा देतेय, नेटवर्कमधला बिघाड शोधण्याचा सराव कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

सीसीएनपी एंटरप्राइझ हे सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट करतेय. कोअर पेपर, म्हणजे ३५०-४०१ एनकोर, पास झाले. दुसरा ३००-४१० एनार्सी मागच्या शनिवारी दिला आणि नापास झाले. पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं, पण फी तीनशे डॉलर आणि ती मी पदरची भरतेय, त्यामुळे घाई करणार नाही. दिवाळीनंतरची तारीख डोक्यात आहे.

पुण्यात नॉकमध्ये (नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणारं केंद्र) शिफ्टमध्ये काम करते. रोज दीड-दोन तास मिळतात, रात्रपाळीच्या आठवड्यात तेवढेही नाहीत. सोळा जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ईव्ही-एनजी हे लॅबचं सॉफ्टवेअर चालवते. व्हीआयओएसचे सात-आठ आभासी राउटर आरामात चालतात.

अडचण अशी की शून्यापासून लॅब उभारायला मला येतं. ओएसपीएफ, ईआयजीआरपी, बीजीपी हे रूटिंग प्रोटोकॉल, डीएमव्हीपीएन फेज थ्री हा व्हीपीएनचा प्रकार, सगळं कागद न बघता टाइप करते. पण दुसऱ्याने केलेलं, कुठेतरी मोडलेलं कॉन्फिग समोर आलं की मी गोंधळते. सगळ्या शो कमांड मारत सुटते. पेपर नव्वद मिनिटांचा, पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे येता येत नाही, आणि मी दोन लॅबच्या प्रश्नांवर इतका वेळ घालवला की शेवटचे प्रश्न नीट वाचलेच नाहीत. रिझल्टच्या कागदावर लेअर थ्रीचा (रूटिंगचा) विभाग सगळ्यात खाली आहे, आणि पेपरात त्याचंच वजन सर्वांत जास्त, ३५ टक्के.

एक नेमकी शंकाही आहे, कारण ती तीन दिवस सुटलेली नाही. आर५ आणि आर४ हे राउटर ईआयजीआरपीत. आर४ पुढे आर२ आणि आर३ या दोघांना जोडलेला. हे दोघे सीमेवरचे, पलीकडे ओएसपीएफमध्ये आर१. आर२ आणि आर३ दोन्हीवर दोन्ही बाजूंनी रीडिस्ट्रिब्यूशन (एका प्रोटोकॉलचे रूट दुसऱ्यात टाकणं). आर५ वर १७२.१६.८.०/२४ हा स्टॅटिक रूट ईआयजीआरपीत टाकलाय. आधी चक्क लूप झाला: ट्रेसरूट आर४, आर३, आर१, आर२, परत आर४ असा फिरत होता. मग रूट-मॅपने टॅग (रूटवर खुणेचा आकडा) लावले, ईआयजीआरपीतून आलेल्याला ९०, आणि तो टॅग परत ईआयजीआरपीत जाऊ दिला नाही. लूप थांबला. पण आर३ अजूनही शेजारच्या आर४ ला सोडून आर१, आर२ असा वळसा घालून जातो. टॅग लावण्यात काय चुकलं?

एका सहकाऱ्याने डंप्स (परीक्षेतून फुटलेले प्रश्न) देऊ केले होते, नको म्हणाले. एक तर ते नियमात बसत नाही, आणि रात्री दोन वाजता लिंक पडली की मलाच ती उभी करायची असते. तेव्हा कृपया तो सल्ला नको.

प्रतिसाद १

ताई, तुमचे टॅग बरोबर आहेत. टॅगमुळे आर३ तो रूट पुन्हा ईआयजीआरपीत टाकत नाही, एवढंच त्याचं काम. आर३ ने स्वतःच्या रूटिंग टेबलमध्ये कोणता रूट घ्यायचा हे टॅग ठरवत नाही, ते ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स ठरवतं (रूट कुठून आला त्यावरच्या विश्वासाचा आकडा, कमी असेल तो जिंकतो). आर५ चा रूट बाहेरून आणलेला, म्हणून ईआयजीआरपीत त्याचा डिस्टन्स १७०. तोच रूट आर२ ने ओएसपीएफमध्ये टाकला की ११०. आर३ ला दोन्ही दिसतात आणि तो ११० वाला घेतो. आतला ईआयजीआरपी रूट असता तर ९० ने जिंकला असता आणि तुम्हाला ही अडचण दिसलीच नसती.

आर२ आणि आर३ वर ओएसपीएफचा एक्सटर्नल डिस्टन्स १७१ करून बघा. आणि लगेच एक करा: आर१ वर एक लूपबॅक (आभासी इंटरफेस) ओएसपीएफमध्ये रीडिस्ट्रिब्यूट करा, मग आर३ वरून त्याचा रस्ता बघा. काय दिसतं ते इथे लिहा.

प्रतिसाद २

बिघाड शोधण्याच्या सरावाबद्दल लिहितो, कारण माझंही पहिल्यांदा इथेच अडलं होतं. चालणाऱ्या लॅबचं कॉन्फिग जपून ठेवा आणि छोटी पायथन स्क्रिप्ट लिहा, जी पंधरा-वीस बिघाडांच्या यादीतून कोणताही एक गुपचूप टाकेल. नेटमिको या पायथन लायब्ररीने हे एका सुट्टीच्या दिवसात होतं. माझ्या यादीत होतं: एका बाजूचा एमटीयू कमी (नेबर एक्सस्टार्टमध्ये अडकतो), एका टोकाला ब्रॉडकास्ट आणि दुसऱ्याला पॉइंट-टू-पॉइंट नेटवर्क टाइप (नेबर फुल दिसतो पण रूट येत नाहीत, हा फार छळतो), ईआयजीआरपीच्या के-व्हॅल्यूंमध्ये फरक, आयबीजीपीत नेक्स्ट-हॉप-सेल्फ नसणं, डीएमव्हीपीएनच्या हबवर एनएचआरपी रीडायरेक्ट गायब.

नियम एकच: कमांड मारण्याआधी वहीत अंदाज लिहायचा, "नेबर आहे का, रूट आहे का, परतीचा रस्ता आहे का" यांपैकी नेमकं काय तपासतेय. बारा मिनिटांत नाही सापडलं तर उत्तर बघायचं आणि तोच बिघाड तीन दिवसांनी पुन्हा घ्यायचा. दीड तासात पाच-सहा बिघाड होतात. नवीन लॅब उभारणं आता पूर्ण बंद करा, ते तुम्हाला येतंय.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्रपाळी नव्हती, बसले.

१७१ केल्यावर आर३ सरळ आर४ कडे जायला लागला, बघूनच बरं वाटलं. मग आर१ चा लूपबॅक टाकला, आणि आता त्या लूपबॅकसाठी आर३ शेजारच्या आर१ ला सोडून आर४, आर२ असा जातोय. म्हणजे तीच अडचण उलट्या दिशेने, कारण इथे ईआयजीआरपीचा १७० माझ्या १७१ ला हरवतो. ओएसपीएफमध्ये स्वतःचे एक्सटर्नल रूट असतील तर सरसकट डिस्टन्स बदलून चालत नाही, बरोबर ना?

म्हणून १७१ काढलं आणि आर३ वर ओएसपीएफमध्ये इनबाउंड डिस्ट्रिब्यूट-लिस्ट लावली, टॅग ९० असलेले रूट घेऊ नको म्हणून. दोन्ही रस्ते नीट झाले. खुशीत आर३-आर४ लिंक बंद करून पाहिली, तर आर३ वरून १७२.१६.८.० पूर्ण गायब. ओएसपीएफ डेटाबेसमध्ये एलएसए (त्या रूटची नोंद) दिसतोय, रूटिंग टेबलमध्ये नाही.

प्रतिसाद १

अगदी बरोबर पकडलंत, दोन्ही. फिल्टरमुळे पर्यायी रस्ताही जातो. डिस्टन्स बदलला की तो राहतो, पण ओएसपीएफचे स्वतःचे एक्सटर्नल बिघडतात. मग डिस्टन्सच बदला, पण सगळ्यांचा नाही: ॲक्सेस-लिस्टमध्ये फक्त १७२.१६.८.० घ्या आणि तेवढ्यापुरताच १७१ लावा. डिस्टन्स कमांडला शेवटी ॲक्सेस-लिस्ट जोडता येते. मात्र आधी द्यायचा पत्ता नेक्स्ट-हॉपचा (वाटेतल्या पुढच्या राउटरचा) नाही, रूट ज्याने ओएसपीएफमध्ये टाकला त्याचा राउटर आयडी असतो, म्हणजे आर३ वर आर२ चा. इथे बरेच जण फसतात.

धागाकर्ती

मी नेक्स्ट-हॉपचाच पत्ता टाकला होता, काही बदलत नव्हतं. राउटर आयडी दिला आणि चाललं. लिंक बंद केली तरी रूट आर१ कडून येतोय, सुरू केली की परत आर४. उद्यापासून स्क्रिप्ट लिहायला घेते. यादीत आणखी कोणते बिघाड घालू, विशेषतः व्हीआरएफ-लाइट (एकाच राउटरवर वेगवेगळी रूटिंग टेबलं) आणि आयपीव्ही६ चे?