राउटर: घर बघून घ्या, अँटेना मोजून नको

दुकानात राउटर मागितला की चार अँटेनांचा डबा पुढे येतो. घर कसं आहे, लाइन कितीची आहे, हे कुणी विचारत नाही. म्हणून सोलापुरातल्या घरांचे अनुभव इथे एकत्र करू. भिंत दगडाची की विटेची, वर स्लॅब की पत्रा, काय बसवलं, कुठे फसलं, एवढं लिहा. आकडे असतील तर उत्तमच. 'आमच्याकडे एक नंबर चालतंय' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

साखर पेठ, दगडी वाडा, १०० एमबीपीएस

भिंती पावणेदोन फुटी. फायबर रस्त्याकडच्या सोप्यात येते, राउटर तिथेच. फोनवरच्या वायफाय अ‍ॅनालायझरमध्ये (सिग्नल मोजायचं अ‍ॅप) सोप्यात उणे ४५ डीबीएम दिसतं; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. एक भिंत ओलांडून माजघरात गेलं की ५ गिगाहर्ट्झ उणे ८० वर येतं, २.४ उणे ६८ वर. साधारण उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पलीकडे आवाज तुटायला लागतो. दगडापुढे अँटेनांचं काही चालत नाही. एक्स्टेंडर (सिग्नल झेलून पुढे पाठवणारा डबा) माजघरात लावला तर त्यालाच नीट ऐकू येत नाही, आणि जे अर्धवट ऐकलं तेच तो पुढे ओरडून सांगतो. फोनमध्ये दांड्या भरलेल्या, नेट मात्र नाही.

उपाय वायरच. कॅट-६ केबल १५ मीटर, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून आत, आणि दुसऱ्या टोकाला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरने आलेलं नेट वायफायवर देणारा) म्हणून. आधी तो जुना राउटर एकटाच लॅपटॉपला वायरने जोडा. त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला क्रमांक) १९२.१६८.१.१ असेल आणि मुख्य राउटरचाही तोच असेल, तर याचा १९२.१६८.१.२ करा. मग याचं डीएचसीपी (फोनांना पत्ते वाटायचं काम) बंद. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा: तिकडे १ असेल तर इकडे ११. शेवटी मुख्य राउटरची वायर याच्या लॅन (घरातल्या वायरींच्या) पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये (बाहेरून नेट येतं त्यात) नाही. डीएचसीपी चालू राहिलं तर काही फोन चालतात, काही 'कनेक्टेड, इंटरनेट नाही' म्हणतात, आणि कुठला फोन कधी अडेल याचा नेम नसतो. नव्या राउटरमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असतो, तो निवडला की डीएचसीपीचं काम आपोआप होतं.

जुळे सोलापूर, फ्लॅट, २०० एमबीपीएस

वरच्या अनुभवात एक भर. जुना राउटर वापरताना त्याचे पोर्ट बघा. स्पीड टेस्ट ९३ ते ९५ वर येऊन थांबते आणि त्यापुढे काही केल्या जात नाही, असं असेल तर वायफायला दोष देऊ नका. कुठेतरी १०० चा पोर्ट किंवा खराब वायर आहे. खोक्यावर 'एसी १२००' छापलेल्या कित्येक राउटरचे पोर्ट १०० चेच असतात. तो १२०० म्हणजे ३०० अधिक ८६७, दोन बँडची (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) कागदावरची बेरीज. खोलीत प्रत्यक्ष हातात पडतो तो त्या त्या बँडच्या आकड्याच्या निम्मा-साठ टक्के. १०० च्या वरचा प्लॅन असेल तर बारीक अक्षरात 'गिगाबिट वॅन, गिगाबिट लॅन' लिहिलंय का ते आधी वाचा, अँटेना नंतर मोजा.

पोर्ट गिगाबिट असूनही ९४ येत असेल तर जॅक बघा. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा पुरतात (१, २, ३, ६), गिगाबिटला आठही लागतात. बाकीच्या चारांपैकी एक तार नीट दाबली गेली नसेल तर लाइन बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. जॅकची खिटी खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि पुढे धरल्या की डावीकडून क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. तारा अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नका, आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे. स्वस्त केबलची तार चाकूने खरवडून बघा. आतून रुपेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. दोन वेळा वाकली की तुटते.

अक्कलकोट रोड, घराला लागून माग

मागाच्या शेडजवळ राउटर ठेवणाऱ्यांनी कापसाचं तूस विसरू नये. ते हवेच्या झरोक्यांत बसतं आणि आत गोधडी तयार होते. राउटर तापतो, मग दर दोन तासांनी आपोआप रीस्टार्ट. धूळ नको म्हणून वर कापड किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालणं तर आणखी वाईट. भिंतीवर उभा टांगा, झरोके मोकळे सुटतील असा. पंधरा दिवसांतून एकदा बंद करून रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा.

फायबरच्या हिरव्या टोकाला बोट लावू नका, काढून ठेवायचं असेल तर त्याचं टोपण लावा. त्यावर तूस बसलं की उजेड कमी पडतो. ओएनटीच्या (फायबर ज्याला येऊन लागते तो डबा) सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे येणाऱ्या उजेडाची ताकद, दिसतं. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ च्या खाली गेलं की लाल एलओएस (सिग्नल गेल्याचा) दिवा लागायची तयारी ठेवा. पिवळी केबल खिळ्याला गुंडाळून ठेवली असेल तर आधी सोडवा. वेटोळं वाटीच्या तोंडाएवढं तरी मोठं हवं.

विडी घरकुल, एक खोली, पत्रा

इथे भिंतीचा त्रास नाही, शेजाऱ्यांचा आहे. अ‍ॅनालायझरवर २.४ मध्ये वीसेक नावं. १, ६, ११ यांपैकी जो मोकळा तो धरा, ३ किंवा ८ नको, त्याने दोन्हीकडची गर्दी अंगावर येते. चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ नाही, २०. शक्य तो सगळे फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या. एका खोलीत ते मजेत पुरतं.

आणि उन्हाळा. बहुतेक राउटरच्या पत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात पत्र्याखाली, कपाटाच्या डोक्यावर, ४० सकाळीच ओलांडतं. तिथून काढून खाली चार-पाच फुटांवर आणा. खर्च शून्य.

विजापूर रोड

पाणी रोज येत नाही, म्हणून घराघरांत पिंपं. राउटर आणि खोली यांच्या मधे २०० लिटरचं भरलेलं पिंप आलं की सिग्नल ते पिऊन टाकतं. ज्या दिवशी पाणी येतं त्याच दिवशी वायफाय पडतं, असं असेल तर पिंप हलवा बे, राउटर बदलू नका!

होटगी रोड, बंगला, दोन मजले

वीज जाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मिनी यूपीएस घ्यायच्या आधी अ‍ॅडाप्टर उलटा करून वाचा. १२ व्होल्ट १ अँपिअर, १२ व्होल्ट २ अँपिअर, काही ९ व्होल्ट. नवाला बारा दिले तर राउटर जळू शकतो. पिनचंही तसंच: बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटर, पण आतलं भोक एकात २.१, दुसऱ्यात २.५. अडीचची पिन दोन पॉइंट एकच्या खोबणीत बसते, पण सैल. मग हात लागला की रीस्टार्ट.

किती वेळ चालेल ते घरीच काढा. ८,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे साधारण ३० वॅट-तास, घट धरून २५. राउटर ८ वॅट घेत असेल तर तीन तास. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप द्या, नाहीतर वायफाय राहतं, नेट जातं. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी मागची कळ 'यूपीएस मोड'वर आहे ना ते बघा. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलताना जरा जास्त वेळ लागतो आणि राउटर नव्याने सुरू होतो.

वळवाच्या पावसात विजा पडतात. गच्चीवरच्या नेटच्या स्विचमधून (लाइन घराघरांत वाटणारा डबा) तांब्याची केबल घरात येत असेल तर ढग गडगडायला लागले की ती उपसून ठेवा. आधी वॅन पोर्ट जातो. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण बाहेरच्या काळ्या केबलला टांगण्यासाठी पोलादी तार असते. ती घराबाहेरच सोडून द्यायला लावा, ओएनटीपर्यंत आणू देऊ नका.

वरच्या मजल्यासाठी एक: उभ्या अँटेनेचा सिग्नल आजूबाजूला पसरतो, डोक्यावर कमी. दोनांपैकी एक आडवी करा.

नीलम नगर

प्रश्न आहे. घरचा सीसीटीव्ही पुण्याहून बघायचाय. पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली जोडणी कॅमेऱ्याकडे वळवणं) केला, तरी बाहेरून लागत नाही. राउटर बदलू का?

जुळे सोलापूर

थांबा ओ, विकत काही घेऊ नका. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. पोर्ट फॉरवर्ड कुठल्याच राउटरने चालणार नाही. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तुमच्या राउटरच्या मागे ओएनटीही राउटरचंच काम करतोय, त्याला ब्रिज करून (म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून) घ्या. मग पीपीपीओईचं (नेट कंपनीच्या लॉगिनचं) नाव, पासवर्ड आणि कंपनीच्या लाइनचा व्हीलॅन नंबर तुमच्या राउटरमध्ये भरावा लागेल. हे तिन्ही आधी लिहून घ्या, ब्रिज नंतर, नाहीतर नेट बंद आणि मदत विचारायलाही नेट नाही. १०० चाच पत्ता असेल तर स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता) मागा, किंवा कॅमेऱ्याच्या क्लाउड अ‍ॅपवरून बघा. आणि कॅमेरा २.४ वरच चालणारा असेल तर दोन्ही बँडला वेगळी नावं द्या, जोडताना फोनही २.४ वरच ठेवा.

नीलम नगर

१०० ने सुरू, दुसरा आकडा ७२. राउटर परत खोक्यात.