टीव्हीमागचा पीसी ठेवू की काढू?

डोंबिवलीकर:
मंडळी, हॉलमध्ये टीव्हीला एचडीएमआयने जुना डेस्कटॉप जोडलाय. आई त्यावर मालिका बघते, मी रात्री मॅचचे हायलाइट्स. आता दोन कटकटी झाल्यात. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि या मशीनवर ११ चढत नाही. शिवाय एका ॲपवरची मालिका ब्राउझरमध्ये धुरकट दिसते, तीच फोनवर लख्ख. नेट १०० एमबीपीएस आहे, तिथे खोट नाही. बायको म्हणते, हे धूड काढा आणि टीव्हीत खुपसायची, रिमोटवर ॲप दाखवणारी स्टिक आणा. घरच्या कम्प्युटरवर टीव्ही बघण्याला पुढे काही भवितव्य आहे का?

चहाबाज:
वहिनी बरोबर आहेत. आईंच्या हातात माउस कसला देताय राव! स्टिक घ्या.

ट्यूनरवाला:
धुरकटपणाचं कारण आधी सांगतो. बऱ्याच फोनमध्ये वाइडवाइन या गूगलच्या कॉपी-रोधक कुलपाचा एल१ हा सर्वात पक्का स्तर असतो, म्हणजे चित्र उलगडायचं काम प्रोसेसरच्या बंदिस्त कप्प्यात होतं. पीसीवरच्या क्रोममध्ये सहसा एल३ हा सैल स्तर, सगळं सॉफ्टवेअरमध्ये. तिथून कॉपी करणं सोपं, म्हणून ॲपवाले हात राखून चित्र सोडतात. एज ब्राउझरमध्ये लावून बघा, त्यात प्लेरेडी हे मायक्रोसॉफ्टचं कुलूप आहे. काही ॲपना फरक पडतो, काहींना ढिम्म नाही.

आता भवितव्य. मी पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून माल आणून लोकांना पीसी जोडून द्यायचो, तेव्हा पीसीवर टीव्ही दाखवणाऱ्या टीव्ही ट्यूनर कार्डाला काय मागणी होती! केबलवाल्याची वायर थेट कार्डात खुपसायची, वाहिन्या स्कॅन करायच्या, संपलं. रात्री साडेआठची मालिका रेकॉर्डला लावून माणसं खुशाल लग्नाला जायची. तासाला दोनेक जीबी खायचं, पण ती फाइल तुमची. डीव्हीडीवर घालून मावशीला द्या, कोण विचारतंय. मायक्रोसॉफ्टनेही २००२ साली मीडिया सेंटर काढलं होतं, सोफ्यावरून रिमोटने पीसी चालवायला. विंडोज १० येईपर्यंत ते गुंडाळलंसुद्धा.

आपल्याकडे कार्डाचा निकाल त्याआधीच लागला. नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत ॲनालॉग केबल बंद, पुण्याला मार्च २०१३ ची मुदत. सेट-टॉप बॉक्स आले, सिग्नलला बॉक्सशिवाय न उघडणारं कुलूप लागलं आणि कार्डाला नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या. लोकांना वाटतं ओटीटीने पीसीवरचा टीव्ही मारला. नाही हो, हॉटस्टार आलं २०१५ ला, नेटफ्लिक्स २०१६ ला. कार्ड तोवर माळ्यावर गेलं होतं.

म्हणून माझं मत: ओटीटीसाठी पीसी ठेवू नका, तिथे तो कायम सावत्रच राहणार. ठेवायचा तर रेकॉर्डिंगसाठी ठेवा. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या फुकट डिश सेवेच्या बहुतेक वाहिन्यांना अजून कुलूप नाही. डिशचा सिग्नल घेणारं डीव्हीबी-एस२ कार्ड, लिनक्स आणि टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एवढ्यावर सह्याद्री थेट हार्डडिस्कवर उतरते. महिन्याचं भाडं शून्य. खाजगी मराठी वाहिन्या तिथे लिलावावर येतात-जातात, त्यांचा भरवसा धरू नका.

एडिसनवाली:
इकडे न्यू जर्सीत आम्ही गच्चीवरच्या अँटेनाला एचडीहोमरन, म्हणजे घरच्या नेटवर्कवर वाहिन्या पोचवणारा ट्यूनरचा डबा, जोडलाय. घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवर स्थानिक वाहिन्या फुकट दिसतात, रेकॉर्डही होतात. पण एटीएससी ३.० या इथल्या नव्या पद्धतीच्या प्रक्षेपणाला बऱ्याच स्टेशनांनी कुलूप घातलंय आणि ते या डब्याला उघडत नाही. सध्या जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणावर निभावतंय. दादा, फ्री डिशलाही उद्या कुलूप लागलं तर?

ट्यूनरवाला:
ताई, लागू शकतं. पण तोवर उतरवलेलं तरी कोणी परत मागायला येणार नाही.

डोंबिवलीकर:
ठरलं. आईला स्टिक, पीसीवर लिनक्स. वडिलांना सह्याद्रीवरची नाट्यगीतं साठवायचीच आहेत. काका, डिशची वायर फ्री डिशच्या बॉक्समधून घेऊ का?

ट्यूनरवाला:
नको, बॉक्समधून नको. एलएनबीची, म्हणजे डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणाऱ्या डबीची वायर थेट कार्डात. बॉक्सही चालू ठेवायचा असेल तर दोन आउटपुटचा एलएनबी लावून घ्या. आणि कार्ड मागवण्याआधी कॅबिनेट उघडून स्लॉट बघा: जुनं पीसीआय की पीसीआय एक्सप्रेस. बारकं कॅबिनेट असेल तर अर्ध्या उंचीची पट्टी लागेल, ती दुकानदाराकडून आधीच मागून घ्या.