प्रति: सहशिक्षिकेशी शिकवण्याच्या पद्धतीवरून खटके

शिकवण्याच्या पद्धतीवरून सहशिक्षिकेशी होणारे तुमचे खटके मिटवायला ‘मुख्याध्यापकांसमोर बसून एकदाच सोक्षमोक्ष लावा’ हा वर कोणी दिलेला सल्ला मला पटत नाही. वरिष्ठ मध्ये आले की मुलांना काय समजतंय हे बाजूला पडतं आणि कोणाचं खरं यावरच गाडी अडते. बोलून घ्या, पण आधी दोघींनीच.

इथे एक गोष्ट कोणी मांडली नाही. तुम्ही उदाहरण आधी सोडवून दाखवता, तुमच्या सहशिक्षिका मुलांना स्वतःच धडपडू देतात. यात दोघीही बरोबर असू शकता, फक्त वेगवेगळ्या टप्प्यांवर. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच संशोधन केलंय. विषय अगदी नवा असताना टप्प्याटप्प्याने सोडवलेली उदाहरणं पाहून मुलं लवकर शिकतात. पाया पक्का झाला की तीच मदत निरुपयोगी ठरते, कधी चक्क अडथळा होते. तेव्हा स्वतः सोडवलेलंच बरं. आमचा असाच वाद या मुद्द्यावर निवळला. घटकाची सुरुवात मी करायची, सराव आणि अवघड प्रश्न सहकाऱ्याने घ्यायचे असं ठरलं. सोडवून दाखवणं थांबवून मुलांवर सोपवायची वेळ कधी आली हे ठरवायला दोघांनी मिळून एक छोटी चाचणी काढली, कारण ‘आता जमतंय त्यांना’ यावर आमचं एकमत होणं अशक्यच होतं! चाचणी मात्र शिकवायला सुरुवात करण्याआधीच काढा, नंतर काढली की प्रत्येक जण आपल्या सोयीचे प्रश्न घालतो.