प्रचाराच्या गटात आपल्याच माणसांचे प्रश्न उडवायचे का?

उंबरठा
ओळखीतला एक जण एका उमेदवाराचा प्रचारगट सांभाळतो. परवा म्हणाला, "आमच्याकडे एक निगेटिव्ह कमेंट दाखवा!" किती उडवल्यास म्हणून विचारलं. शिव्या देणारे दोन-तीनच निघाले. बाकीचे "आपलेच होते, पण फार प्रश्न विचारायचे."

मला २००८ आठवलं. ओबामा राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते, त्यांच्या प्रचाराच्या साइटवर, माय बराक ओबामा डॉट कॉमवर, कुणालाही गट काढता यायचा. सरकारला वॉरंटशिवाय लोकांचे फोन ऐकायला मदत करणाऱ्या टेलिफोन कंपन्यांना खटल्यांतून वाचवणारं फिसा विधेयक आलं. अशा सवलतीला विरोध करू असं ओबामांच्या गोटातून आधी सांगितलेलं, आणि जूनमध्ये ते फिरले. समर्थकांनी त्यांच्याच साइटवर निषेधाचा गट काढला. बघता बघता २० हजारांवर सदस्य, साइटवरचा सगळ्यात मोठा गट! कुणी तो उडवला नाही, उलट ३ जुलैला ओबामांनी उत्तर लिहिलं. शिवीगाळ काढा, मतभेद राहू द्या, एवढंच माझं म्हणणं.

घरधनी
अर्धीच गोष्ट सांगितलीत. ९ जुलैला ओबामांनी मत विधेयकाच्या बाजूनंच दिलं. सेनेटमध्ये ६९ विरुद्ध २८ नं पास झालं. हिलरी क्लिंटन विरोधात होत्या. गट ठेवून मिळालं काय? कुकरची शिट्टी झाली, वाफ गेली, भात शिजायचा तसाच शिजला.

शिवाय प्रचाराची साइट म्हणजे चावडी नाही, लग्नाचा मांडव आहे. मांडवात उभं राहून नवरदेवाची उणीदुणी काढणाऱ्याला पानावर बसवत नाहीत.

उंबरठा
@घरधनी, ते २० हजार वऱ्हाडीच होते हो. आहेरही त्यांचाच.

रात्रपाळी
"शिवीगाळ काढा" हे लिहायला सोपं आहे. मी एका स्थानिक निवडणुकीत असं पान सांभाळलंय. शिव्या देणारा दोन मिनिटांत सापडतो. आमच्याकडे एक सभ्य गृहस्थ यायचे. रात्री अकरानंतर, पाण्याच्या टाकीवर नीट चर्चा चालू असली की "फक्त एक शंका होती." उत्तर दिलं की तीच शंका पुन्हा, शब्द बदलून. एका रात्रीत तेरा वेळा. मग आणखी दोन आयडी आले, "शंका रास्त आहे" म्हणायला. तिघंही "कृपया"ची "क्रुपया" करायचे, त्यावरून डुआयडी (एकाच माणसाचे जादा आयडी) ओळखले. पहाटेपर्यंत टाकीवर बोलणारे सगळे पळालेले. एकही शिवी नाही. यांना काय म्हणाल, मतभेद?

उंबरठा
नाही. तिथे मीही उडवलं असतं. पण तेरा वेळा झाल्यावर, पहिल्या शंकेला नाही.

सुट्टे_पैसे
अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या हॉवर्ड डीन यांच्या २००३-०४ च्या प्रचारात ब्लॉगवर ट्रोल आला की समर्थक भांडत बसायचे नाहीत, त्याच्या नावानं देणगी द्यायचे. जितका बोंबलेल तितका गल्ला भरेल!

घरधनी
गल्ला भरला, पण उमेदवारीच्या पहिल्याच लढतीत, आयोवात, डीन तिसरे आले.

(बाकी युक्ती झकास, हे मान्य.)

कलम_कसाई
अभिव्यक्तीचा गळा घोटला असं कुणी म्हणायच्या आत सांगतो. अमेरिकेची भाषणस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी साइटला नाही. आपल्या राज्यघटनेचं अभिव्यक्तीचं कलम १९(१)(अ)सुद्धा मुख्यतः सरकारसमोर उभं राहतं. बाळासाहेबांच्या निधनानंतर मुंबई बंदवर एकीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना पोलिसांनी पकडलं, तो गळा घोटणं. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. गटातून काढलेला माणूस घरी जाऊन जेवतो.

उंबरठा
कायद्याचं मान्य. पण उमेदवार निवडून आला आणि तेच खातं सरकारी कामाला वापरू लागला तर? ट्रम्प यांनी ट्विटरवर टीकाकारांना ब्लॉक केलं, तर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं, २०१९ मध्ये अपिलातही तेच.

कलम_कसाई
आणि २०२१ मध्ये ते पायउतार झाल्यावर सर्वोच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल पुसून टाकला. अर्धीच गोष्ट सांगायची सवयच दिसते.

रात्रपाळी
ते असो. @उंबरठा, तुमच्या ओळखीच्याच्या गटात आता असतं काय?

उंबरठा
सकाळी सुप्रभात, उमेदवाराच्या फोटोसकट. खाली सत्तावीस जणांचे जोडलेले हात. काल एकानं "पाणी कधी येणार?" विचारलं होतं. दुपारी बघितलं तर प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).