अनुभव धागा: चाकाच्या खुर्चीला जाईल अशी रानवाट

जवळच्या टेकडीवर, वनोद्यानात किंवा अभयारण्यात खुर्ची, काठी, बाबागाडी जाईल अशी वाट करायला तुम्ही हात लावला असेल, तर लिहा. कामाचे तपशील हवेत.

पुणे, टेकडीवरचा गट
सिमेंट नको, यावर आमचं दुमत नव्हतं. गवताळ माळ आहे, पाणी मुरलं पाहिजे. मुरूम आणि क्रशरची कच पसरून, पाणी मारून, धुम्मसाने थरावर थर ठोकले. १:१२ चा उतार इमारतीच्या रॅम्पला चालतो. लांब चढावर हाताने चाक फिरवणाऱ्याला तेवढ्यातही धाप लागते. आम्ही १:२० धरला, म्हणजे एक मीटर चढायला वीस मीटर वाट. पाण्याच्या नळीने लेव्हल घेत वळणं वाढवली. वरच्या अंगाला चर काढला. वाटेला आडवा कल पन्नासास एकच. जास्त दिला की खुर्ची उताराच्या कडेला ओढली जाते.

याच गटातली, खुर्ची वापरणारी
प्रत्येक थरावरून मी खुर्ची चालवून बघायचे. पुढची लहान चाकं कुठे रुततात ते ठोकणाऱ्याला वरून दिसत नाही. खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळी जागा लागते. आणि बाकाच्या समोर नको, बाकाच्या शेजारी जागा सोडा! मैत्रिणीच्या बाजूला बसून गप्पा मारता येतात, याचं मोल मला विचारा. एक अडचण मात्र सुटलेली नाही: दुचाक्या अडवायला प्रवेशाशी लोखंडी दांडे रोवलेत, त्यातून खुर्चीही जात नाही. कुणी तोड काढली आहे का?

शाळेचं वनोद्यान, रत्नागिरी जिल्हा
दृष्टिहीन मुलांसाठी कमरेच्या उंचीवर दोरी बांधली, ठरावीक झाडांपाशी गाठ. अर्जुनाची गुळगुळीत साल, सावरीचे काटे, चुरगळलेली निर्गुडी. मुलं पुढे, आम्ही मागे.

कंब्रिया, इंग्लंड (मूळ ठाणे)
इथे शेतांच्या कुंपणांवरून चढून जायच्या लाकडी पायऱ्या असतात, त्यांना स्टाइल म्हणतात. लेक डिस्ट्रिक्टमध्ये त्या टाळून ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ नावाच्या वाटा आखल्यात. आम्ही स्वयंसेवक फाटकं बसवतो, कडी खुर्चीतून हाताला येईल अशी. दांड्यांबद्दल: इथे काही फाटकांना रडार किल्ली चालते. अपंगांच्या स्वच्छतागृहांना देशभर चालते तीच.

पुणे, पुन्हा
किल्लीचं फाटक पटलं. एक किल्ली रखवालदाराकडे, बाकीच्या खुर्ची वापरणाऱ्यांकडे. जागा मालकीची नाही, तेव्हा आधी लेखी परवानगी, मग लोहाराला माप.